विभक्त आईवडील आणि मूल : ताबा, भेट व पोटगीचा कायदा

कौटुंबिक न्यायालयांत मुलांविषयी जे अर्ज दाखल होतात, त्यांत दोन तक्रारी वारंवार वाचावयास मिळतात. ‘तो पोटगी देत नाही, तेव्हा मी मुलाला भेटू देणार नाही’ ही पहिली. आणि ‘ती मुलाला भेटू देत नाही, तेव्हा मी पैसे का द्यावेत’ ही दुसरी. दोन्ही तक्रारी करणाऱ्याला आपली बाजू न्याय्य वाटते. शेजारीपाजारी आणि नातेवाईकही त्याला दुजोरा देतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही तक्रारींतील ‘तेव्हा’ हा शब्द निरर्थक आहे. पोटगी हा मुलाचा हक्क आहे आणि आईवडील दोघांचा सहवास हाही मुलाचाच हक्क आहे. एक मिळत नाही म्हणून दुसरा रोखून धरण्याचा अधिकार आई किंवा वडील यांपैकी कोणालाही नाही. मुलाचा ताबा, भेट आणि खर्च यांविषयीच्या तरतुदी या एका गोष्टीच्या आधारे वाचल्या, म्हणजे पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. कारण भांडणाच्या भरात ते एकमेकांत मिसळले जातात. ‘पालकत्व’ म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा कायदेशीर अधिकार. ‘ताबा’ म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहणार आणि त्याचा रोजचा सांभाळ कोण करणार, हा प्रश्न. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाचा सहवास ठरावीक वेळी मिळावा, यासाठी ‘भेटीचा हक्क’ असतो. ताबा आईकडे गेला म्हणजे वडिलांचे पालकत्व संपले असे होत नाही आणि ताबा वडिलांकडे गेला तर आई परकी ठरत नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह संपतो. मातृत्व वा पितृत्व संपत नाही.

या विषयाला एकच एक कायदा नाही. १८९० सालचा ‘पालक व पाल्य अधिनियम’ सर्व धर्मीयांना लागू आहे आणि इतकी वर्षे लोटली तरी ताब्याच्या दाव्यांचा तोच मुख्य आधार आहे. हिंदूंसाठी (यात बौद्ध, जैन व शीख येतात) १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम त्याच्या जोडीला आहे. घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्तीचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडे मुलाचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी अर्ज करता येतो. विशेष विवाह अधिनियमात ३८ वे, तर पारशी विवाह अधिनियमात ४९ वे कलम याच धर्तीचे आहे. ख्रिस्ती पक्षकारांसाठी १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात तशी सोय आहे. घरगुती छळाची तक्रार असलेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडून मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. अर्ज कोठे करावयाचा, हे आईवडिलांच्या सोयीवर ठरत नाही. १८९० च्या कायद्यानुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालय सक्षम होय. महाराष्ट्रात कौटुंबिक न्यायालयांचा आरंभ १९८९ साली पुणे व मुंबई येथे झाला. ज्या गावी असे न्यायालय नाही, तेथील पक्षकारांना जिल्हा न्यायालयाकडे वा संबंधित दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते.

१९५६ च्या कायद्यातील सहावे कलम सर्वाधिक गैरसमजांचे मूळ आहे. हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’, अशी त्याची शब्दरचना आहे. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या निधनानंतर, असाच अर्थ अनेक दशके घेतला जाई. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक या नात्याने स्वतःच्या सहीचा अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही आणण्यास त्यांना सांगण्यात आले. तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १९९९ साली न्यायालयाने ‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, दूर राहत असतील किंवा दोघांच्या संमतीने आईच सर्व पाहत असेल, तर आई ही वडिलांच्या हयातीतही नैसर्गिक पालक ठरते. २०१५ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्वाचा अर्ज करता येईल, असा निर्णय त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात या कलमातील वडिलांचे अग्रस्थान काढून टाकावे आणि संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा, अशी शिफारस केली. ही शिफारस संसदेने अद्याप कायद्यात उतरवलेली नाही. महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम अनिवार्य झाला आहे. ताब्याच्या वादावर त्याचा थेट परिणाम होत नाही. पण शाळेच्या खिडकीवर ‘वडिलांचे नाव सांगा’ एवढ्यावरच काम अडण्याचे प्रसंग त्यामुळे कमी व्हावेत.

दुसरा गैरसमज पाच वर्षांच्या मर्यादेविषयीचा. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा, असे कायदा म्हणतो. यावरून सहावे वर्ष लागताच मूल आपोआप वडिलांकडे जाईल, असे काही जण समजतात. तसे मुळीच नाही. त्याचप्रमाणे पाचाच्या आत आईचा हक्क निरपवाद आहे, हेही खरे नाही. ‘सामान्यतः’ हा शब्द न्यायालयाला मोकळीक देण्यासाठीच घातलेला आहे. मुस्लिम कायद्यात ‘हिजानत’ या नावाने आईचा ताब्याचा अधिकार मानला आहे. हनफी पंथात तो मुलासाठी सातव्या वर्षापर्यंत आणि मुलीसाठी ती वयात येईपर्यंत असतो. तथापि कोणताही व्यक्तिगत कायदा असो, न्यायालयासमोर अंतिम कसोटी एकच – मुलाचे हित. मुले ही आईवडिलांच्या मालकीची वस्तू नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच स्पष्ट केले आहे.

हित कशात आहे, हे ठरविताना मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व कुवत आणि मुलाशी असलेली त्याची जवळीक यांचा विचार न्यायालय करते. मूल समजूतदार वयाचे असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. यासाठी कायद्याने ठरावीक वय सांगितलेले नाही. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून, आईवडील व वकील यांच्या अनुपस्थितीत त्याच्याशी बोलतात. पढवून आणलेले मूल ओळखणे अनुभवी न्यायाधीशाला व समुपदेशकाला फारसे जड जात नाही. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘मानसिक छळ’ असे शब्द आले, की ते कोणाचे हे कळतेच. ज्याचे उत्पन्न अधिक त्याला ताबा, असा नियम नाही. कमी उत्पन्नाची उणीव पोटगीने भरून निघू शकते. रोजच्या सहवासाची उणीव तशी भरून निघत नाही.

व्यवहारात मात्र एक गोष्ट या सर्व कसोट्यांवर मात करते, ती म्हणजे काळ. दावा तीन-चार वर्षे रेंगाळला, की मूल ज्याच्याकडे आहे तेथेच रुळते. शाळा, मित्र, शेजार तेथलाच होतो. मग त्याला हलविणे हेच त्याच्या हिताविरुद्ध ठरू लागते. म्हणून मूल दुसऱ्या पक्षाकडे असेल, तर अंतिम निकालाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. पहिल्या तारखेपासून अंतरिम भेटीचा अर्ज करावा आणि मिळालेली प्रत्येक भेट पाळावी. रागाने किंवा मानाने दोन वर्षे न भेटलेला बाप अथवा आई नंतर कितीही तळमळीने बोलली, तरी तो रिकामा काळ त्यांच्याविरुद्धच जातो.

भेटीचा हुकूम

‘वाजवी वेळी भेटू द्यावे’ एवढाच मोघम हुकूम किंवा तेवढीच मोघम तडजोड हे पुढच्या भांडणाचे बीज असते. वाजवी म्हणजे किती, याचे उत्तर दोघांचे वेगळे असते. चांगल्या हुकमात वार, वेळ व ठिकाण लिहिलेले असते. उदाहरणार्थ, महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार, सकाळी अकरा ते सायंकाळी सहा. मुलाला कोठून घ्यावयाचे, कोठे परत आणावयाचे, कोण आणून सोडणार. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीची वाटणी कशी. गणपतीत मूल कोणाच्या घरी, वाढदिवस कोणाकडे. एखादी भेट आजारपणामुळे चुकली, तर तिची भरपाई केव्हा. आठवड्यातून किती वेळा व किती वाजता दूरध्वनीवर बोलता येईल. आजी-आजोबांच्या भेटीचाही उल्लेख करून घ्यावा. शाळेतील पालकसभा, प्रगतिपुस्तक व वैद्यकीय कागद पाहण्याचा अधिकार दोघांना राहील, हे एक वाक्य अनेक जण लिहून घ्यावयाचे विसरतात आणि पुढे शाळेच्या दारात अपमान झाल्यावर न्यायालयात धाव घेतात.

ताणलेल्या प्रकरणांत सुरुवातीच्या भेटी न्यायालयाच्या आवारात होतात. मुंबईच्या वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात यासाठी मुलांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. अशी जागा असणे आवश्यक आहे. पण खेळणी ठेवली म्हणून न्यायालयाचे घर होत नाही. म्हणून ही व्यवस्था थोड्या काळापुरतीच असावी आणि समुपदेशकाचा अहवाल अनुकूल असेल तर बागेत, मग घरी आणि पुढे मुक्कामी, अशी भेट वाढत जावी, असा समंजस न्यायालयांचा कल असतो. मारहाण, व्यसन किंवा लैंगिक अत्याचाराचा सबळ संशय असेल, तर मात्र भेट देखरेखीखालीच ठेवली जाते किंवा नाकारलीही जाते. येथे भेटीचा हक्क मुलाचा आहे, हे सूत्र उलट बाजूने उपयोगी पडते. ज्या भेटीने मुलाला अपाय होईल, तिच्यावर कोणत्याही पालकाला हक्क सांगता येत नाही.

पालक वेगवेगळ्या शहरांत वा देशांत असतील तर काय? अमेरिकेत राहिलेल्या एका भारतीय जोडप्याच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केला. मुलाला आईवडील दोघांचे प्रेम व सहवास मिळणे हा त्याचा मूलभूत मानवी हक्क आहे आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे दूरध्वनी व व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काचा हक्क द्यावा, असे न्यायालयाने म्हटले. पुण्यात आई आणि बंगळूरला वडील, अशी स्थिती आज असंख्य कुटुंबांत आहे. त्यांना हा निर्णय थेट उपयोगाचा आहे.

पोटगी : किती, केव्हापासून, कोणाकडून

मुलाच्या खर्चाचा दावा तीन-चार मार्गांनी करता येतो. चालू दाव्यात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली. स्वतंत्रपणे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० खाली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या सुप्रसिद्ध कलम १२५ खाली, ज्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हा शेवटचा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे. मुस्लिम मुलांचा या कलमाखालील हक्क १९८६ च्या कायद्याने बाधित झालेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलालाही तो हक्क आहे. १९५६ च्या निर्वाह कायद्याने हिंदू मुलाची जबाबदारी वडिलांवर आणि आईवर, दोघांवर टाकली आहे, हेही लक्षात ठेवावयास हवे.

रक्कम ठरविण्यासाठी उत्पन्नाचा अमुक टक्का, असे कोष्टक आपल्याकडे कायद्यात नाही. त्यामुळे निकाल दोन गोष्टींवर अवलंबून राहतो – खर्चाचा पुरावा आणि उत्पन्नाचे सत्य. यांपैकी दुसरी गोष्ट दुर्मिळ. पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावरून कळते. पण स्वतःचा धंदा असणारा माणूस विभक्त झाल्याच्या वर्षीच तोट्यात कसा जातो, हे कोडे कौटुंबिक न्यायालयाला नवीन नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुखण्यावर उपाय योजला. आता दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे सविस्तर शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावे लागते. जाबदेणाऱ्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे आणि त्यानंतर अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. खोटे शपथपत्र करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे निश्चित केले. तोवर कोणी अर्जापासून, कोणी निकालापासून अशी भिन्न पद्धत होती आणि लांबलेल्या तारखांचा फायदा देणाऱ्यालाच मिळे.

मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी यांबरोबर शिक्षण, शिकवणी आणि बेताचे छंदवर्गही धरावेत, असे हा निकाल सांगतो. शिक्षणाचा भार सामान्यतः वडिलांवर. मात्र आईही पुरेसे कमावीत असेल तर तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाईल. म्हणजे ‘ती नोकरी करते, तिला कशाला पैसे’ हा बचाव मुलाच्या बाबतीत अर्धाच चालतो. मागणी करणाऱ्यानेही शाळेच्या शुल्काच्या पावत्या, डॉक्टरांची देयके, रिक्षाचा वा स्कूलबसचा खर्च जपून ठेवावा. अंदाजे आकडा फुगवून लिहिला, की उलटतपासणीत खरा खर्चही संशयास्पद ठरतो.

हुकूम होऊनही पैसे येत नसतील, तर वसुलीची दरखास्त दाखल करावी. पगार, बँक खाते, मालमत्ता यांवर जप्ती आणता येते. कलम १४४ खालील हुकूम मोडल्यास वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. या कलमाखाली थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकवून हक्काचे पैसे गमावणाऱ्या माता कमी नाहीत.

एकाच्या चुकीला दुसऱ्याची चूक हे उत्तर नव्हे

आता आरंभीच्या दोन तक्रारींकडे येऊ. पोटगी थकली असेल तर उपाय दरखास्तीचा आहे, भेट बंद करण्याचा नाही. भेट नाकारली जात असेल तर उपाय हुकमाच्या अंमलबजावणीच्या अर्जाचा आहे. हुकूम जाणूनबुजून मोडला जात असेल, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि वारंवार असे घडल्यास ताबाच बदलण्याचा विचार न्यायालय करू शकते. पैसे थांबविणे हा त्यावरील उपाय नव्हे. भेट नाकारणाऱ्या आईला शिक्षा म्हणून मुलाचे शुल्क थांबविले, तर वर्गाबाहेर मूल उभे राहते. पोटगी न देणाऱ्या बापाला धडा शिकविण्यासाठी भेट थांबविली, तर शनिवारी खिडकीत बसून वाट पाहणारेही मूलच. शिवाय निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी नियमित पैसे देणाऱ्या पालकाचा भेटीचा अर्ज न्यायालयात अधिक भक्कम ठरतो आणि भेट सुरळीत होऊ देणाऱ्या पालकाच्या पोटगीच्या अर्जाला बळ येते.

कधी कधी दोन्ही मार्ग सोडून मूल परस्पर उचलून नेले जाते आणि दुसरा पक्ष पोलीस ठाणे गाठतो. अशा वेळी निराशा पदरी येण्याचा संभव असतो. न्यायालयाचा मनाई हुकूम नसताना वडिलांनी स्वतःच्या मुलाला नेणे हा अपहरणाचा गुन्हा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली दिला, कारण वडील हेही नैसर्गिक पालक आहेत. म्हणून भीती रास्त असेल, तर मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यास मनाई करणारा हुकूम आधीच मिळविणे शहाणपणाचे. परदेशाच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. बालकांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. नोकरीनिमित्त अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जोडप्यांपैकी एकाने मुलाला घेऊन मुंबई-पुणे गाठले, तर तेथील न्यायालयाचा हुकूम येथे आपोआप लागू होत नाही. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार परकीय हुकूम हा विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी एक. निर्णय मुलाच्या हितावर. त्यामुळे काही मुले परत पाठविली जातात, काही येथेच राहतात आणि आधी अंदाज बांधणे वकिलांनाही कठीण जाते.

परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी ताब्याच्या अटी लिहिताना एक गोष्ट जाणून घ्यावी. या अटी कायमच्या नसतात. आईला परदेशी नोकरी लागली, वडिलांनी पुनर्विवाह केला, मूल मोठे होऊन त्याच्या गरजा बदलल्या, तर संमतीने झालेला हुकूमही बदलून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे मान्य केले आहे. पोटगीचेही तसेच. आईने घटस्फोटाच्या घाईत ‘मुलाच्या पोटगीवर माझा काही दावा नाही’ असे लिहून दिले, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही. तो सोडून देण्याचा अधिकार तिला नसतोच.

खर्चाची जबाबदारी सर्वसाधारणपणे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत धरली जाते. शारीरिक वा मानसिक अपंगत्व असल्यास ती पुढेही राहते. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या निर्वाह कायद्याखाली सज्ञान झाल्यावरही मागणी करता येते. पण बारावी होऊन अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलाचे काय? नेमका मोठा खर्च सुरू होतो तेव्हाच कायद्याचा आधार दुबळा होतो. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात न्यायालयाला ही मदत २५ व्या वर्षापर्यंत वाढविण्याची मुभा असावी असे सुचविले होते, तेही कागदावरच राहिले आहे. तोवर संमतीच्या अटींत पदवी पूर्ण होईपर्यंतचे शुल्क, वसतिगृह व पुस्तके यांचा भार कोण किती उचलणार आणि दरवर्षी रक्कम कितीने वाढणार, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.